वीजूच्या बापाचं काय झालं

पिक्चर संपला की पप्पा आपल्याबरोबर घरी येणार, हे ईश्वरीनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे तिच्या आजीनं ते तिला ठरवून दिलं होतं.

आजी म्हणजे लंकाबाई, पप्पांची, गोरखची आई. श्रावणातल्या शुक्रवारी निमगाव सावातल्या त्यांच्या आळीच्या बायका कहाणी ऐकायला तिच्याच ओट्यावर जमत. मुठीत फुटाणे घ्यायचे, कहाणी चालू असताना बोलायचं नाही, उठायचं तर मुळीच नाही. शेवटचं वाक्य झालं की मगच मूठ उघडायची. कहाणी अर्धी टाकून जी उठली तिनं मागितलेलं तिला मिळत नाही, असं लंकाबाई इतक्या ठामपणे सांगायची की आळीतली एखादी पोटुशी सूनसुद्धा पाय अवघडला तरी जागची हलत नसे.

दुसरीतल्या ईश्वरीनं एका शुक्रवारी फुटाणे खाता खाता विचारलं, "आज्जी, पिक्चरमधली गोष्ट चालंल का गं?"

लंकाबाईनं जरा विचार केला. "गोष्ट ती गोष्ट. पुरी ऐकायची आन मनात बापाला मागायचं. यील तो."

ईश्वरीची आई आरती आत भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं. तेव्हाच बाहेर येऊन दोन शब्द बोलायला हवे होते, हे तिला पुढं फार लागलं. पण तव्यावर भाकरी होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटून गेलं, आला तर काय वाईट आहे.

गोरख दिवाळीपासून घरी नव्हता. चाकणला कंपनीत आहे, सुट्टी मिळत नाही, असं ईश्वरीला सांगितलेलं. ते पहिल्यांदा आरतीनंच सांगितलं होतं, पोर रात्री दाराकडं तोंड करून झोपायला लागली म्हणून. गोरख होता पेठेला, हायवेवरच्या गॅरेजमागच्या खोलीत, वैजयंती नावाच्या बाईबरोबर. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लंकाबाईला ठाऊक होतं, पण ती त्याला 'तिकडं' एवढंच म्हणायची. लेक तिकडं गेलाय. जसा काही बाजाराला गेलाय.

'वीजू'चा पहिला भाग गोरखनंच दाखवला होता. कार्टूनचा पिक्चर. वीजू नावाची मुलगी, तिच्या वेणीत वीज. तिचा बाप वायरमन, तो खांबावर चढलेला असताना काळा ढग येतो आणि त्याला गिळून टाकतो. तिथंच पहिला भाग संपला. त्या दिवशी गोरखनं ईश्वरीला खांद्यावर घेऊन कबूल केलं होतं की दुसरा भाग आला की तोही आपण दोघांनी बघायचा. पोरं असलं काही विसरत नाहीत. दुसरा भाग नारायणगावला लागला तशी तिनं आरतीच्या फोनवरून बापाला फोन लावला, आणि तो रडं ऐकून हो म्हणाला. फक्त म्हणाला, "थेट थेटरवर येतो. घरी नाय."

निघताना लंकाबाई आरतीला म्हणाली, "साडी जरा बरी नेस. आन तिथं त्याला लई बोलू नको. पोरीच्या हातानं आण त्याला."

आरतीनं साडी बदलली. नंतर तिला त्या साडीचाच राग आला.

दुपारचा खेळ. दिवे गेले तरी गोरखचा पत्ता नव्हता. ईश्वरी पडद्याकडं न बघता दाराकडं बघत होती. मग दारात उजेडाची फट पडली आणि तो वाकून वाकून आला. अंगात नवा शर्ट, बाह्यांची घडी कोपराच्या वर नेऊन घातलेली. तो कधी अशी घडी घालत नसे. आरतीनं ते बघितलं आणि पडद्याकडं मान वळवली.

"पप्पा, बोलू नका," ईश्वरी कुजबुजली. "मूठ धरलीय."

त्याला काही कळलं नाही. त्यानं पॉपकॉर्नचा पुडा पुढं केला. तिनं डाव्या हातानं एकच दाणा उचलला. उजव्या मुठीत घरून आणलेले फुटाणे होते, आणि ती मूठ तिनं मांडीवर दुसऱ्या कुणाची वस्तू जपावी तशी ठेवली होती.

पिक्चर चांगला होता, नाही म्हणता येणार नाही. वीजू ढगांच्या रानातून जाते, गारांच्या डोंगरावरून घसरते, काळोजी नावाच्या राक्षसाची फौज वेणीनं झोडपून काढते. पोरं शिट्ट्या मारत होती. गोरख एकदा मोठ्यानं हसला, ईश्वरी हसली, त्या दोघांच्या हसण्याला एकच वळण होतं, आणि आरतीच्या छातीत काही तरी इतकं मऊ झालं की तिनं पदराचं टोक दातात धरलं. तेवढ्या वेळापुरतं ते तिघं लांबून कुणालाही घर वाटले असते.

शेवटी वीजू काळोजीच्या मनोऱ्यावर पोचते. वर एक भलंमोठं चाक आहे, ते फिरलं की जगात अंधार पडतो. चाक फिरवणारा माणूस पाठमोरा आहे. त्याच्या कमरेला वायरमनचा पट्टा. वीजू हाक मारते, "बाबा." चाक थांबतं. माणसाची मान हळूहळू वळायला लागते. कान दिसतो. गालाची कड दिसते.

आणि पडदा काळा.

"लाइट गेली काय राव?" मागून कुणी तरी म्हणालं.

लाइट गेली नव्हती. पांढऱ्या अक्षरात 'पुढील भागात' असं आलं आणि सगळ्या थिएटरभर एक लांब आवाज उठला, दुधाचं पातेलं उतू जावं तसा. दिवे लागले.

"झालं?" मागच्या रांगेत नातवंडं घेऊन आलेले सावळेरामबाबा होते, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. "आमच्या येळंला वग पहाटपत्तुर चालायचा, पन पुरा करूनच ढोलकी खाली ठिवायचे. ह्यो काय परकार?"

"अर्धा पिक्चर गाडीतच राहिला वाटतं, बाबा," पुढच्या रांगेतले सलीमभाई म्हणाले. जुन्नरहून लेकीला घेऊन आले होते. "घाटात उतरवून घेतला कुणी."

लोक हसले. कॉलेजातल्या एका पोरानं फोन बघून सांगितलं, "तिसरा भाग दोन वर्षांनी हाय." त्यावर पुन्हा तो उतू गेल्यासारखा आवाज. एक पोरगं रडायलाच लागलं. त्याची आई त्याला म्हणत होती, अरे कार्टून आहे ते, खरं का असतंय.

"अब्बू," सलीमभाईंच्या बुशरानं विचारलं, "वीजूच्या पप्पांना बांधून ठेवलं होतं ना?"

"हां बेटा. साखळीनं."

"कुठली साखळी?" सावळेरामबाबा पुढं वाकले. "म्या डोळे फाडून बघितलं की. हात मोकळे व्हते त्येचे. बाप आपल्या पायानं गेलाय तिथं, कुणी वढून न्हाई नेला."

"जादू केलीय बाबा त्याच्यावर," कॉलेजचा पोरगा म्हणाला.

"जादूच आसती ती. आमच्या गावातबी दोघा-तिघांवर झालीया."

या वेळी हसणं मोठं झालं. गोरखही सवयीनं हसला, आणि मग मध्येच थांबला. आरतीनं पिशवीचा बंद हाताला गुंडाळून घेतला. लोक उठायला लागले. बाप फुटला की नाही, यावर दाराशी दोन तट पडले होते.

ईश्वरी उठली नाही.

"चल बाळा, संपला पिक्चर," गोरख म्हणाला.

"नाय संपला."

"अगं, दिवे लागले."

"गोष्ट कुठं संपली पप्पा? आत्ता उठलं तर मिळत नाय."

"काय मिळत नाय?"

तिनं आईकडं बघितलं, सांगावं की नको म्हणून. मग खाली बघून म्हणाली, "तुमी."

झाडू घेतलेली बाई रांगेच्या टोकाला येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "ताई, पुढचा खेळ हाय. आटपा जरा." सलीमभाई बुशराची चप्पल शोधत अजून तिथंच रेंगाळले होते.

गोरख खुर्चीच्या काठावर बसला. त्याचा चेहरा आधी पडला, मग एकाएकी उजळला. "असं कर. तिसरा भाग आला ना, की मी परत येतो. आपण तिघं बघू. मग गोष्ट पुरी होईल का नाय? मग घरी."

"नक्की?"

"नक्की."

"घे, पप्पांनी वादा केला," सलीमभाई मायेनं म्हणाले, आणि लेकीला घेऊन गेले.

आरतीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खोटं बोलला याचं तिला काही वाटलं नाही, ती स्वतः दिवाळीपासून त्याच्यासाठी खोटं बोलत होती. पण त्याला जे सुटल्यासारखं वाटलं, खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं, ते तिला बघवेना. कुठल्या तरी कार्टूनवाल्यांनी गोष्ट अर्धी सोडली, आणि त्या फटीतून हा माणूस दोन वर्षं बाहेर निसटला. आणि ती दोन वर्षं ही पोर मूठ आवळून बसणार होती.

"तिला खरं सांगा," ती म्हणाली.

"काय खरं?"

"कुठं राहता ते."

"आरती, इथं नको."

"घरी तुमी येत नाय. मग कुठं सांगू?"

त्यानं फोन काढला आणि तो वाजत नसताना त्याच्याकडं बघत राहिला. आरती पोरीपुढं खाली बसली. बरी नेसलेली साडी पॉपकॉर्नच्या चुऱ्यात गेली.

"ईशू, मी सांगते गोष्ट पुढची. वीजूचा बाप मान वळवतो. तिला बघतो. ओळखतो पण, बरं का. माझी वीजू, असं म्हणतो. आणि मग परत चाक फिरवायला लागतो." तिला थांबावं लागलं. "त्याला कुणी बांधलेलं नाय. त्याला तिथंच राहायचंय. संपली गोष्ट. पप्पा चाकणला नायत. पेठेला त्यांचं दुसरं घर आहे. ते आपल्याकडं येणार नायत. तिसऱ्या भागाला पण नाय."

ईश्वरीनं बापाकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. हो म्हणाला असता तरी चाललं असतं. त्या क्षणी आरतीला वाटलं, निदान एवढं तरी हा आपल्याबरोबर उचलील.

"मम्मी रागात आहे बाळा," गोरख म्हणाला. त्यानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "रागात माणूस काहीपण बोलतं. मी आहे ना."

आणि तो गेला. बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज आला. आरतीनं ईश्वरीची बोटं एकेक करून सोडवली. फुटाण्यांचा घामानं चिखल झाला होता. झाडूवालीनं तो झाडून घेतला.

परतीच्या जीपमध्ये ईश्वरी आईजवळ बसली नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी एका म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसली. गाडीतही त्याच पिक्चरवर बोलणं चाललं होतं, बाप वळणार की नाही वळणार, आणि एकानं ईश्वरीला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "वळणार." मागं न बघता.

लंकाबाई ओट्यावरच होती. दोघी दिसल्या तरी तिची नजर त्यांच्या मागच्या रस्त्यावरच राहिली. मग ती आरतीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "बोललीसच ना त्येला कायतरी?"

आरती आत गेली, पाय धुतले, साडी बदलली, चहाचं आधण ठेवलं. बाहेर लंकाबाईनं नातीला जवळ ओढून घेतलं होतं.

"रडू नगं. काय व्हतं पिक्चरमंदी, सांग मला. शेवटाला काय झालं?"

ईश्वरीनं नाक पुसलं. मग सांगायला लागली. आजीसारखंच सांगत होती, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, आणि लंकाबाई प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती, जसा कहाणीला द्यायचा असतो.

"वीजू मनोऱ्यावर गेली."

"हूं."

"तिनं बाबांना हाक मारली. बाबा लगेच वळले. म्हणाले, चल वीजू, घरी जाऊ."

"हूं. मग?"

"मग ते दोघं घरी आले. पण वीजूच्या मम्मीनं आतून कडी लावली होती."

त्या पिक्चरमध्ये वीजूला आई नव्हतीच. पहिल्या भागातही नव्हती, दुसऱ्यातही कुठं दिसली नाही. आरती कपबशा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. बाहेर जाऊन सांगावं, की पिक्चरमध्ये असं काही नव्हतं, तर ते सांगायचं कुणाला?

"बाबांनी लई वेळ वाजवली कडी," ईश्वरी म्हणाली. "तिनं काढलीच नाय."

"हूं," लंकाबाई म्हणाली.