वेगळा तांब्या

डॉक्टर चंदना मगदूम यांनी तपासणीचा कागद वाचला, आणि त्याची घडी घातली. टेबलापलीकडे नृसिंह बसला होता, शाळेत मराठी शिकवणारा. एक खुर्ची सोडून त्याची बायको कालिंदी. मधली खुर्ची कुणी मुद्दाम रिकामी ठेवली नव्हती. गेल्या नऊ दिवसांत घरातही त्या दोघांमध्ये एवढीच जागा पडलेली असे. बाहेर शिवाजी पेठेतल्या तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला.

नऊ दिवसांपूर्वी कालिंदीला ताप चढला होता, आणि बाई जिथलं दुखणं कुणाला दाखवत नाही तिथे फोड उठले होते. तिने ते सासूला, आत्याबाईंना, सांगितलं. सासूने वैद्याला. संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली तरी स्वतःला दरबारचा म्हणवणाऱ्या त्या वैद्याने रोग्याकडे न पाहताच निदान केलं : गरमी, म्हणजे बाहेरख्यालीचा रोग. त्याच संध्याकाळी झुंबरबाईंनी सुनेचा तांब्या आणि ताट उचलून परसातल्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. आणि जन्मात आवाज न चढवलेल्या नृसिंहने तिला दोनच शब्द विचारले : "कोण तो?"

तेव्हापासून कालिंदी बोलत नव्हती. नृसिंहने तिच्या भावाला पत्र घातलं होतं. उद्या तो गडहिंग्लजहून तिला न्यायला येणार होता, आणि परत पाठवण्याविषयी पत्रात एक अक्षर नव्हतं.

"गरमी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांच्याही रक्तात नाही. मला पाहूनच कळलं होतं. पण मास्तर, तुमचा विश्वास कागदावर, म्हणून कागद मागवला."

"मग काय आहे?"

"हर्पीस."

"हे नाव मी कधी ऐकलं नाही."

"नाव ऐकलं नसेल. दुखणं घरोघर आहे. तुमच्या ओठावर कधी ताप मुतलाय का?"

कालिंदीच्या ओठांतून, नऊ दिवसांत प्रथमच, बारीकसा आवाज निसटला. तो हसण्याचा होता हे कळायला नृसिंहला एक क्षण लागला.

"दर वर्षी," ती डॉक्टरांना म्हणाली. "हे परीक्षेचे पेपर तपासायला बसले, की यांना उठतातच फोड. डावीकडं."

नृसिंहचा हात नकळत ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला.

"त्याच जातीचं हे. अतिसूक्ष्म विषाणू. जवळिकीतून एकाचा दुसऱ्याला लागतो. नवराबायकोच्या संबंधातून तर सर्रास. एकदा शिरला की नसांच्या मुळाशी झोपून राहतो. महिने, कधी वर्षानुवर्षं. ताप आला, जागरण झालं, मन खचलं, की जागा होतो." डॉक्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. "समूळ घालवणारं औषध माझ्याजवळ नाही. खोटं कशाला सांगू? पण फोड आपले आपण सुकतात, आणि पुढच्या खेपेला बहुधा इतका त्रास होत नाही. फोड असेतो एकमेकांपासून लांब राहायचं, हात लागला तर साबणाने धुवायचा. आणि बाई, दिवस राहिले तर मला आधी येऊन सांगायचं. बाळंतपणात बाळाला जपावं लागतं. एवढंच. ताट-तांब्या वेगळा ठेवायचं काही कारण नाही."

"पण मग तिला हे कुणाकडून…" नृसिंहचं वाक्य पुढे सरकेना.

"ते कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्याकडून आलं असेल. तुम्हाला लहानपणी कुणाच्या मुक्यातून मिळालं असेल. कित्येकांना जन्मभर एक फोड येत नाही, आणि तरी ते दुसऱ्याला देऊन बसतात. या दुखण्याला साक्षीला उभं करून बायकोवर खटला भरता येत नाही, मास्तर."

रस्त्यावर ऊन चढलं होतं. कालिंदी नेहमीप्रमाणे दोन पावलं मागून चालत होती. नृसिंहला लग्नानंतरचा पहिला श्रावण आठवला. हिवतापाने तो पंधरा दिवस अंथरुणावर होता. सोळाव्या दिवशी ओठ फोडांनी भरून आला, तेव्हा आईने साऱ्या आळीत साखर वाटली होती. ताप निघाला बाहेर! आणि या मुलीने, जिचा चेहराही त्याला अजून नीट पाठ झाला नव्हता, रोज तिन्हीसांजेला बोटाच्या टोकाने त्या फोडांवर लोणी लावलं होतं. श्वास रोखून, जणू पाण्यावर अक्षर काढावं तसं. कदाचित तिथूनच. ओठावर आला तेव्हा ज्याची साखर वाटली, तोच पाहुणा तिच्याकडे गेला आणि तिचं ताट परसात गेलं.

"कालिंदी."

"पुढं बघून चाला. सायकल येतीय."

सायकल गेली. "मी तुला तसं विचारायला नको होतं."

"विचारायचंच होतं, तर दुखतंय का ते विचारायचं."

तो थांबला. भर रस्त्यात, चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानासमोर, शाळेत शिकवणारा मनुष्य बायकोकडे वळून उभा राहिला. "दुखतंय का?"

"आता कमी हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडाच राहिला. "दादा उद्या येईल. मी त्याच्याबरोबर जायचं की नाही, ते मी घरी गेल्यावर ठरवीन. तो तांब्या आज कुठं असतो, ते बघून. आणि तो आत यायचा, तर आत्याबाईंच्या देखत यायला पाहिजे."

झुंबरबाई दाराजवळच्या सोप्यात तांदूळ निवडत होत्या. सून उंबऱ्याशीच थांबली, तशी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"गरमी नाही, आई. वैद्याने खोटं सांगितलं. ओठावर ताप मुततो ना, त्याचीच जात."

"आगं बया! त्यो तर चांगला असतुया की!"

"मग हाही तसाच समज. जवळिकीने येतो. माणसं जवळ असली की येतो."

तो परसात गेला. कोनाड्यातला तांब्या नऊ दिवस न घासल्याने काळवंडला होता. त्याने तो धुतला, घागरीतून भरून घेतला, आणि आईसमोर उभं राहून घटाघटा प्याला. उंबऱ्यातली कालिंदी पाहत होती.

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला, मग काढला. "बरं, न्हाय म्हनत न्हाय मी. डाक्टरीन शिकलेली हाय." त्यांना एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. "पर जवळिकीनं येतंय म्हनतोस न्हवं नरसू? मग ह्या घरात पयलं आणलं कुनी?"

त्यांनी मान वर केली. वरच्या ओठावर फिकट चट्टा होता. दर चैत्रात तिथे फोड येई आणि जाई. नृसिंहने तो आयुष्यभर पाहिला होता. वडील गेले त्या वर्षी तो चार वर्षांचा होता. तेव्हा रात्रंदिवस त्याचं तोंड ओंजळीत धरून हीच बाई त्याचे मुके घेत असे. घरात दुसरं उबदार असं काही उरलंच नव्हतं.

"सांग की," झुंबरबाई म्हणाल्या. "कुनी आणलं?"

नृसिंहने एका हातात तांब्या घेतला, परसात जाऊन कोनाड्यातलं ताट काखेत धरलं, आणि तो स्वयंपाकघराकडे निघून गेला.