कस्तुराबाईंचा चाखणीचा कप

मित्रांनो, मी एक जुना, पांढरा, बिनकानाचा कप आहे. पोटभर चहा प्यावा म्हणून मला घडवलेच नव्हते. मी चाखणीचा कप. माझ्यात दोन घोट ओतायचे, ते चाखायचे आणि माल बाजारात जाण्याजोगा झाला की नाही ते ठरवायचे, एवढेच माझे काम.

भट्टीतून निघाल्यावर पेंढ्यात गुंडाळून मला बंगळूरला आणले. चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर मल्हाररावांचा छोटासा कारखाना होता. तिथे चहाची पत्ती नसलेला चहा बने. गवती चहा, ज्येष्ठमध, तुळस, बडीशेप. त्या सगळ्याला मल्हारराव ऐटीत ‘हर्बल टी’ म्हणत. आणि तो चाखत कस्तुराबाई.

कस्तुराबाई बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या. त्यांचे घराणे इथले फार जुने, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळलेले. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या मला दोन्ही तळव्यांत धरत, आधी वास घेत, मग घोट तोंडात घोळवत आणि सांगत, “वेलची स्वल्प कमी करा.” त्यांचे म्हणणे कधी चुकले नाही. बाहेरगावचे व्यापारी आले की मल्हारराव मला उंच धरून म्हणत, “आमच्या अक्कांचा कप!” मला किती अभिमान वाटे म्हणून सांगू!

शहाण्णव साली उगादीसाठी, म्हणजे आपल्या गुढीपाडव्यासाठी, काहीतरी नवे करायचे ठरले. अक्कांनी होळगीचा चहा बनवला. होळगी म्हणजे आपली पुरणपोळीच. हरभऱ्याची डाळ खमंग भाजून भरडली, तिच्यात ज्येष्ठमध, जायफळ, वेलची. पहिल्याच घोटाला मल्हाररावांनी डोळे मिटले. “अक्का, आईच्या हातची होळगी आठवली हो!”

उगादीला महिना उरला असताना अक्कांना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. त्या कामावर आल्या, मला नाकाशी धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा पुन्हा हुंगत राहिल्या. हेमलता शेजारीच होती. तिला अक्कांनीच हाताला धरून कामाला आणले होते, सगळे शिकवले होते.

“हेमा, मला काहीच लागत नाही गं. साखर नाही, मीठ नाही. कुणाला सांगू नकोस.”

“नाही सांगणार, अक्का. मी आधी चाखून तुमच्या कानात सांगत जाईन.”

काही दिवस तसेच चालले. हेमलता हळूच सांगे, अक्का मोठ्याने बोलत. मग एका दुपारी हेमलता मल्हाररावांच्या पुतण्याशी, प्राणेशशी, बराच वेळ बोलत बसली. प्राणेश नुकताच पुण्याहून शिकून आला होता. अक्कांची खुर्ची त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होती. “पुरावा दाखवू काकांना,” तो म्हणाला, “आणि मग खुर्ची तुझी.”

चाखणीच्या दिवशी सात-आठ व्यापारी जमले. सगळ्यांच्या कपांत होळगीचा चहा ओतला गेला. माझ्यात हेमलताने नुसते गरम पाणी ओतले, खायच्या रंगाने तांबूस केलेले. मित्रांनो, मी तिथल्या तिथे तडकलो असतो तर बरे झाले असते. पण चांगल्या भट्टीचा कप तडकत नाही.

अक्कांनी मला उचलले, घोट घेतला आणि ओठ न हलवता विचारले, “कसा झालाय गं?”

हेमलता त्यांच्या कानाशी वाकली. “छान. जायफळ जरा पुढे आलंय.”

“झकास झालाय,” अक्का सगळ्यांना म्हणाल्या. “डाळ खमंग लागते. जायफळ मात्र स्वल्प कमी हवं.”

प्राणेशने मला त्यांच्या हातातून घेतले आणि शेजारच्या व्यापाऱ्याला दिले. “साहेब, तुम्ही सांगा. जायफळ जास्त आहे?”

व्यापाऱ्याने घोट घेतला. “अरे, हे तर पाणी आहे!”

आधी एकजण हसला, मग सगळेच. मल्हाररावांनी पाहुण्यांकडे पाहिले. मग तेही हसले. अक्कांनी कुणाकडेच पाहिले नाही, फक्त हेमलताकडे. हेमलता किटलीचे झाकण पुसत होती.

त्याच दिवशी त्यांना घरी पाठवले. होळगीचा चहा त्या उगादीला हातोहात खपला. पुड्यावर कुणाचेच नाव नव्हते. खुर्चीवर हेमलता बसली, पण मला तिने कधी तोंडाला लावले नाही. प्राणेश मला फडताळात ठेवी आणि नवा पाहुणा आला की काढून तोच किस्सा रंगवून सांगे.

पुढच्या उगादीच्या सुमारास, काही पाहुणे बसलेले असताना, अक्का आल्या. स्वतःच्या घरून आणलेला दगडी खल तिथेच राहिला होता, तो न्यायला. प्राणेशने मला फडताळातून काढले आणि या वेळी खरा, वाफाळता चहा ओतला.

“या अक्का, बसा. सांगा बघू, कसा लागतोय?”

पाहुणे टक लावून पाहत होते. अक्कांनी मला पूर्वीसारखेच दोन्ही तळव्यांत धरले. दोन्ही घोट शांतपणे संपवले.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच कळतं. मागच्या वर्षीही एवढंच सांगायचं धाडस करायला हवं होतं.”

“शाब्बास! या वेळी अगदी बरोबर!” प्राणेशने टाळ्या वाजवल्या. पाहुणे हसले. अक्कांनी खल पोटाशी धरला आणि एकेक पायरी चाचपत त्या जिना उतरल्या. हेमलता दारापर्यंत गेली, पण खाली उतरली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे कान, कुणाचे डोळे, कुणाची जीभ एक दिवस थकेल. आपली उणीव त्यांनी विश्वासाने तुमच्या कानात सांगितली, तर ती तिथेच जपा. आणि कधी माझ्यासारखा कप कुणाच्या हाती द्याल, तेव्हा त्यात काय ओतले आहे ते पिणाऱ्याला आधी सांगा.