पायांची खबर

“अम्माला आडवं करा. आत्ताच्या आत्ता,” रणवीर दारातूनच म्हणाला.

शलाकाने ऐकलं नाही. व्यायाम शिकवायला डॉक्टरांनी पाठवलेली ही पुण्याची मुलगी. तिने सकवारबाईला पलंगाच्या कडेला बसवून तिची पावलं फरशीवर टेकवली होती. सकवारबाई थरथरत होती आणि दोघांकडेही रागाने बघत होती.

सकवारबाई माझी बायको. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवसापासून चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमचं घर बेंगळुरूतल्या जुन्या मराठ्यांचं. इथे म्हाताऱ्या माणसाने उठून पाणी घेतलं, तर पाहुणे सुनेकडे बघतात. तेव्हा पाणी पलंगावर आलं, जेवण पलंगावर आलं आणि भांडंही पलंगावरच आलं. तिने नुसता पाय खाली सोडला तरी कोणीतरी ओरडायचं. जे. पी. नगरातले नातेवाईक मोसंबी घेऊन येत आणि मुलगा असावा तर असा, असं म्हणून जात. रणवीरला ते आवडे. जन्मभर लग्नघरांत उभ्याने होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटलेल्या आईला त्याने अखेर विश्रांती दिली होती.

मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. पूर्वी ती मध्येच माझ्या चुका काढायची. हळूहळू ते बंद झालं. मग दुपारी ती सकाळ आहे का विचारू लागली. सगळे म्हणाले, वय झालं. चार माणसं म्हणतात ते मला खरं वाटतं, तसं हेही वाटलं.

शलाकाने तिला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या पायाचा अंगठा धरून वर केला. वर की खाली, असं विचारलं. सकवारबाई म्हणाली, खाली. दुसऱ्यांदाही ती चुकली. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाली, “आधी धर तरी, मग विचार.”

अंगठा शलाकाच्या चिमटीतच होता.

“काय नाटक आहे हे?” रणवीरने विचारलं.

“हाड मस्त जुळलंय, प्रॉब्लेम तिथे नाहीच,” शलाका म्हणाली. “पाय दिवसभर मेंदूला खबर देत असतात. फरशी गार आहे, इथे उतार आहे, तोल इकडे गेला. आजींच्या पायांनी चार महिने काही कळवलंच नाही, म्हणून मेंदूने त्यांचं ऐकणं सोडत आणलंय. उठताना रक्त वर ठेवणाऱ्या नसापण सुस्त झाल्यात, त्यामुळे चक्कर येते. डोकंही मंद होतं पडून राहून. सगळं वय नाहीये हे. आत्ता उठवलं तर बरंचसं परत येईल. नाही उठवलं तर आहे तेही जाईल.”

“सरी, बरं, झालं तुमचं?” रणवीर म्हणाला. “आमच्यात आईला राबवत नाहीत. उद्यापासून येऊ नका.”

सकवारबाईने मुलाचीच बाजू घेतली. मला पाडायला आली होती, म्हणाली.

रणवीर पीण्या भागातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर मी शलाकाला फोन केला. मुलाच्या मागे मी कधी काही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. सकवारबाईने आम्हा दोघांना शिव्या घातल्या.

“जन्मभर खुर्चीत पुस्तक धरून बसलात,” ती मला म्हणाली, “आणि चालायला मला सांगता?”

 

संध्याकाळी तिनेच रणवीरला सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही. “अण्णा, अम्मा जड झाली काय तुम्हाला?” एवढंच म्हणाला. त्यानंतर जेवताना माझ्याशी कोणी बोलेना. शलाकाचं येणं पुन्हा थांबलं. मलाही वाटू लागलं की मी पुस्तकातला माणूस, मला काय कळतं.

पुढच्या महिन्यात सकवारबाईच्या भाचीचं, सिद्धीचं लग्न होतं. रणवीरने आईला खुर्चीसकट उचलून मंडपात नेलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. मंगलाष्टकं सुरू झाली तसे सगळे उठले आणि तिच्यापुढे पाठींची भिंत उभी राहिली. तिच्या मुठीत अक्षता होत्या. तिने खुर्चीचे हात दाबले, जोर लावला. काही झालं नाही. मग ती वाकली आणि साडी बाजूला सारून आपली पावलं शोधू लागली, चपला शोधाव्यात तशी.

“राहू दे अम्मा, मी टाकतो,” रणवीर म्हणाला. त्याने तिची मूठ उघडून अक्षता काढून घेतल्या.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. सकाळी माझ्याकडे न बघता म्हणाली, “बोलवा तिला.”

“पण रणवीर...”

“पाय कुणाचे आहेत?”

शलाका येऊ लागली. सकवारबाई तिच्याशी एकही गोड शब्द बोलली नाही. ती कण्हायची, ओकायची, शिव्या द्यायची आणि पुन्हा उठायची. रणवीर घरात असला की दुसऱ्या खोलीत जाऊन दार आपटायचा.

एका रविवारी बेल वाजली तेव्हा आम्ही तिघंही बाहेरच्या खोलीत होतो. रणवीर उठला.

“बस,” सकवारबाई म्हणाली. तिने वॉकर पुढे ओढला.

“अम्मा, पडशील.”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “पडली तर तुम्ही उचला.”

 उठू नये म्हणून मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. बेल पुन्हा वाजली. सकवारबाई दाराकडे बघत नव्हती, आमच्याकडेही नाही. तिची नजर आपल्याच पावलांवर होती, कारण पाहिल्याशिवाय ती कुठे आहेत हे तिला अजून कळत नव्हतं. तिने एकाकडे पाहिलं, ते उचललं, टेकवलं. मग दुसऱ्याकडे पाहिलं.