भट्टी सरकारची, खुंट्या लेम्पीच्या

मित्रांनो, मी एक जुनी सौना आहे, आणि माझ्यासाठी राज्याच्या विधानसभेला कायदा करावा लागला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जरा लक्ष देऊन ऐकाल. तशी दिसायला मी काही खास नाही. तळ्याकाठी पाइनच्या ओंडक्यांची, दोन खोल्यांची, काजळलेली झोपडीच म्हणा ना. बाहेरच्या खोलीत कपडे काढून खुंटीला लावायचे. आतल्या खोलीत भट्टी, भट्टीवर धोंडे आणि भिंतीला लागून तीन चढती बाकं. तापल्या धोंड्यांवर पाणी टाकलं की वाफ उठते आणि माणसं घाम गाळत बसतात. अंगावर कपडे नसले की माणसं फार खरं बोलतात, बरं का. त्यामुळे मला लहानपणापासून चौकशीची खोड लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

मला एमिल रिंटालाने बांधलं. फिनलंडहून आलेल्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याने घराच्या आधी मला उभं केलं. पहिला हिवाळा नवरा-बायको माझ्यातच राहिले. पुढे त्यांची लेक लेम्पी माझ्या मधल्या बाकावर जन्मली, कारण चहूकडे बर्फ असताना इतकी उबदार आणि स्वच्छ जागा दुसरी नव्हतीच. पोरगी अशी रडली की धोंडे गार पडले, असं एमिल सांगायचा. थापा मारायचा, पण लाडाने.

एमिलचं सगळं काम चोख होतं, एक मोजणी सोडली तर. आमच्याकडे उन्हाळ्यात गुडघाभर दलदल आणि तोंडात शिरतील इतके डास. जमीन गोठली की मगच माणूस सरळ रेषेत चालू शकतो. म्हणून सगळे शेजारी आपापली हद्द मार्चमध्ये मोजायचे, तशी त्यानेही मोजली. पण त्या साली वाऱ्याने तळ्यावरचा बर्फ ढकलून बांधासारखा रचला होता आणि त्यावर हिम साचलं होतं. एमिलला वाटलं, हाच काठ. तिथून पावलं मोजून त्याने खुंटी ठोकली आणि मला बांधलं. बावीस फूट चुकलं. पलीकडे सरकारी जंगल होतं, आणि झाडं काही तक्रार करत नाहीत.

त्यानंतर किती शनिवार गेले ते विचारू नका. दर शनिवारी मी तापायची. एमिल गेला, त्याची बायको गेली. दोघांनाही शेवटची अंघोळ माझ्यातच घातली. मग लेम्पी मला तापवू लागली. तिची मैत्रीण डेल्फिन तळ्यापलीकडच्या, ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतून यायची. या तळ्याकाठी तिचे पूर्वज एमिलच्या कितीतरी आधीपासून राहत होते. दोघी साठ वर्षं माझ्या बाकावर बसून भांडल्या, आणि मी एकही शनिवार कंटाळले नाही.

मग एका सप्टेंबरात जोलीन आली. जोलीन म्हणजे राज्याच्या जमिनी मोजणारी बाई. शेजारी सगळ्यांसाठी होड्यांचा धक्का व्हायचा होता, म्हणून तिने तीन पायांचं यंत्र उभं केलं, त्यातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका," ती लेम्पीला म्हणाली. "हद्द बावीस फूट अलीकडे आहे, तुमच्या सौनेच्या मधून जाते. कपड्यांची खोली तुमची. भट्टी, बाकं, आतलं सगळं राज्याच्या जमिनीवर."

"म्हणजे नागवं व्हायचं माझ्या जागेत आणि बसायचं सरकारच्या?"

जोलीनने ओठ दाबून हसू आवरलं.

"मग वीस-बावीस फूट विका की मला!"

"तळ्याकाठची सरकारी जमीन आम्हाला वीतभरसुद्धा विकता येत नाही. विधानसभेने खास कायदा केला तरच. नाही झाला, तर दोन वर्षांनी सौना पाडावी लागेल."

पाडावी! मी त्या शब्दाने हादरले, पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला दुसऱ्याच शब्दाचं नवल वाटत राहिलं. कायदा म्हणजे काय असतं? लाकडाचा असतो की दगडाचा? कुणी तो पाहिलाय का? शंभर वर्षांत माझ्या वाफेत लग्नं, मासे, अस्वलं, सासवा सगळ्यांवर बोलणं झालं होतं. कायद्यावर कधीच नाही.

डेल्फिनला कळलं तेव्हा ती खोकला लागेपर्यंत हसली. "बावीस फूट? एवढंच? अगं, आमचं तर अख्खं तळं चुकीच्या बाजूला गेलं!"

"तुला हसू येतंय. ती पाडली तर मला कुठे धुणार तुम्ही? हॉस्पिटलच्या नळाखाली?" लेम्पीचा आवाज चिरकला. "मी हिच्यात जन्मले. मला हिच्यातूनच जायचंय."

लेम्पीला मुलं नव्हती; तिची म्हणावी अशी मी एवढीच होते.

त्या दिवसापासून लेम्पीने माझी भट्टी पेटवली नाही. डेल्फिनने कितीदा तरी सांगून पाहिलं. "सरकारची म्हणजे सगळ्यांची, म्हणजे तुझीही. बस की आत!"

"वडलांनी नकळत केलं. मी कळून केलं तर ती चोरी."

दोन हिवाळे त्या दोघी शनिवारी यायच्या, अंगात जाड कोट घालून कपड्यांच्या खोलीत बसायच्या, वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खायच्या आणि आतल्या बंद दाराकडे बघायच्या. मला रडू यायचं, मित्रांनो. सौना तापली नाही की कुजते. माझ्या कोपऱ्यांत बुरशी धरली, उंबऱ्याखालचा ओंडका मऊ पडला, आणि एक उंदरीण भट्टीत पोरं घालून बसली.

पण ऐकायला मात्र भरपूर मिळालं. आमच्या भागाच्या आमदारीणबाईंनी मला एका मोठ्या विधेयकात घातलं. राज्याच्या जंगलांबद्दल, तळ्यांबद्दल आणि जमिनींबद्दल जे जे काही दुरुस्त करायचं असेल, ते सगळं त्या एकाच पोतडीत कोंबतात म्हणे. माझ्या आधी एक स्मशानभूमी होती, माझ्यानंतर हरणांना चारा घालण्याचा प्रश्न. समितीपुढे बोलायला लेम्पीला बोलावलं. पाच तास गाडीत बसून दोघी राजधानीला गेल्या. परत आल्यावर डेल्फिन नुसती धुमसत होती.

"सगळं छान चाललं होतं! मग एक उंच आमदार विचारतो, तळ्याचा काठ सगळ्या जनतेचा आहे. तो एका बाईला दिला तर बाकीच्यांना काय मिळणार? आणि ही बया काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणे, 'तुमचा प्रश्न बरोबर आहे.' आणि खाली बसली!"

"बरोबरच होता तो प्रश्न," लेम्पी म्हणाली.

"मग घरी बसून म्हणायचं होतंस!"

त्या वर्षी हरणांच्या चाऱ्यावरून दोन्ही सभागृहं भांडली, अधिवेशन संपलं आणि अख्खी पोतडी तशीच पडून राहिली. दुसरा हिवाळा फार वाईट गेला. लेम्पी काठी घेऊन चालू लागली. मुदत संपायला चार महिने उरले, तेव्हा मे महिन्यात जोलीन कागदांचं बाड घेऊन धावतच आली. नव्या अधिवेशनात पोतडी मंजूर झाली होती.

अखेर मी कायदा पाहिला, मित्रांनो. लाकडाचाही नाही, दगडाचाही नाही. साधा कागद, आणि त्यात मी अर्ध्या पानाची. माझं नावसुद्धा नव्हतं. 'सदर बांधकाम' म्हटलं होतं मला. जोलीनने कपड्यांच्या खोलीत उभं राहून वाचून दाखवलं. जमीन राज्याचीच राहील. सदर बांधकाम जिथे आहे तिथे राहू द्यावं. ते सर्वांना खुलं असावं. सलग एक वर्ष वापरात नसेल, तर काढून टाकावं.

"हे कलम त्या उंच आमदारांनीच घातलं," जोलीन म्हणाली. "म्हणाले, माझा प्रश्न बरोबर आहे असं मला तिथे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं."

लेम्पीचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या नावावर नाहीच?"

"नाही, आजी."

डेल्फिनने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता तू आमच्यासारखी झालीस. आपल्याच जागेत सरकारच्या परवानगीने."

लेम्पीने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग दोघींना असं हसू फुटलं की दोघींचेही डोळे वाहू लागले.

भट्टीतल्या उंदरिणीची पोरं कधीच मोठी होऊन गेली होती. लेम्पीने बर्चची लाकडं रचली आणि काडी ओढली. आधी नुसता धूर, मग माझे सगळे ओंडके कडाकडा वाजले. दोन हिवाळ्यांनी धोंडे तापले. तिघी आत आल्या; लेम्पी खालच्या बाकावरच बसली, वर चढवेना तिला. पहिली वाफ अंगावर आली तसे तिने डोळे मिटले.

मग तिने विचारलं, "जोलीन, माझ्यानंतर कुणी तापवायची, ते लिहिलंय त्यात?"

जोलीन घामाने निथळत होती. "नाव कुणाचंच लिहिलेलं नाही, आजी. फक्त वापरात असावी, एवढंच."

लेम्पीने माझ्या भट्टीला आयुष्यात कुणाला हात लावू दिला नव्हता. डेल्फिनलाही नाही. तिने ओल्या हाताने जोलीनचं मनगट धरलं. "मग शिकून घे, पोरी. लाकडं वाळकी हवीत, आणि घाई करायची नाही. मला शेवटचं धुवायचं त्या दिवशी हलकंच तापव. तो शनिवार नसला तरी चालेल."

"शिकते, आजी," जोलीन म्हणाली आणि उठून भट्टीपाशी जाऊन बसली.

म्हणून तुम्हालाही सांगते, मित्रांनो. पाडणाऱ्यांपासून मला कायद्याने वाचवलं, पण थंडीपासून वाचवणं कायद्याच्या हातात नाही. सगळ्यांची म्हटलेली वस्तू फार लवकर कुणाचीच राहत नाही. तुमच्या गावातही असेल अशी एखादी, सगळ्यांची आणि गार पडलेली. तिथे कुणाचं नाव लिहिलंय का, ते बघत बसू नका. आत जा आणि विस्तव पेटवा.