सुनेने नेलेली झाडं

सून घर सोडून गेली तेव्हा जाताना स्वतःची झाडंही घेऊन गेली. सासूबाईंनीच तसा लकडा लावला होता. "तुझ्या हातची आहेत, इथे कोण बघणार त्यांच्याकडे?" सुनेने खाली मान घालून गुलाब, शेवंती, डेलिया, सगळं मुळांच्या मातीसकट उकरलं आणि पिशव्यांत भरलं. भांडण असं कुणाशीच नव्हतं. नवरा-बायकोचं पटलं नाही, कागद झाले, विषय मिटला. पण सासू-सुनेने एकमेकींपासून वेगळं कसं व्हायचं, हे काही कागदात लिहिलेलं नव्हतं.

थंडीत ते खड्डे फारसे दिसले नाहीत, कारण सगळी बागच छाटून उघडीबोडकी केलेली होती. वसंत आला, सासूबाईंची जास्वंद पालवली आणि मधल्या रिकाम्या जागा डोळ्यांत खुपायला लागल्या.

"फरशी टाकून घेऊ. कटकटच नको," मुलगा म्हणाला.

"मला झाडं हवीत," एवढंच बोलून त्या नर्सरीत गेल्या.

"त्या जागी ऊन किती असतं?" नर्सरीवाल्याने विचारलं. सासूबाईंना सांगता येईना. उभा जन्म त्यांनी शिवणकारखान्यात कापड बेतलं होतं. भिंतीकडचा वाफा सुनेचा. तिथे त्यांनी कधी हातच घातला नव्हता. तशाच रिकाम्या हाताने त्या घरी आल्या आणि मनाचा हिय्या करून फोन लावला.

"हॅलो, आ..." पलीकडचा आवाज अडखळला. "बोला ना."

"चिमणे, भिंतीकडच्या वाफ्यात ऊन कधीपर्यंत असतं गं?"

"दुपारपर्यंत. मग टाकीची सावली येते." ती जरा थांबली. "काय लावताय?"

"तेच तर कळत नाही. तुझे गुलाब कसे आहेत?"

"दोन गेले. मलाही नवीन आणायचेत."

"मग उद्या ये की नर्सरीत," सासूबाई बोलून गेल्या आणि उत्तर येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला.

ती आली. बारीक झाली होती, केस कापले होते. दोघी आधी रोपांशीच बोलल्या. ती पानं उलटून कीड बघायची, सासूबाई पिशव्या धरायच्या. बोलता बोलता कळलं की तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे आणि महिनाअखेरीस ती निघणार आहे.

"तिकडे जागा आहे का गं झाडांना?"

"बाल्कनी आहे. कुंड्यांत लावीन."

इतके दिवस ती याच गावात होती. बाजारात, बसथांब्यावर कुठेतरी दिसेल, ही एक आशा तरी सासूबाईंना होती.

"लेक अगदी आईच्या वळणावर गेलीय," रोपं बांधता बांधता नर्सरीवाला म्हणाला. "दोघींनाही एकच रोप हवं असतं."

त्याची चूक कुणीच दुरुस्त केली नाही. नर्सरीच्या फाटकाशी सासूबाईंनी तिच्या गालावरची माती पदराने पुसली. तिने तो हात तसाच गालाशी धरून ठेवला. मग रिक्षा आली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा सासूबाई शेवटच्या रोपाला आळं करत होत्या. तो बूट न काढताच वाफ्याशी उभा राहिला.

"ही तिने निवडली?"

"हो."

"कशी आहे?"

"बारीक झालीय. दुसऱ्या गावी चाललीय, नोकरीला."

शेवंतीचं एक रोप कलंडलं होतं. त्याने खाली बसून ते सरळ केलं आणि बुंध्याशी माती दाबत राहिला, रोप केव्हाच पक्कं झालं तरी.

"आत चल," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"तू हो पुढे. मी पाणी घालून येतो."

त्यांनी खुरपं तिथेच ठेवलं आणि त्याला एकटं सोडून त्या घरात गेल्या.