पिवळा चिमटा

मित्रांनो, मी एक जुनी टग बोट आहे. मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढत नेणाऱ्या बोटी असतात ना, त्यांची मी छोटी प्रतिकृती. लांबीला तुमच्या हाताएवढी आणि रिमोटवर चालणारी. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. जिच्या पोटाचं झाकण उघडून कुणीही आत हात घालतो, तिने विश्वास ठेवावा तरी कसा?

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून माझ्या शेकडो बहिणी निघाल्या. तपासणाऱ्या बाईने मला उचललं, एक जांभई दिली आणि 'तपासली' असा शिक्का मारून मोकळी झाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती तेव्हा. पुढे मला ज्या खोक्यात घातलं, त्यावर डोंगराएवढ्या लाटा कापत निघालेल्या बोटीचं चित्र होतं. मला तर अंघोळीच्या टबातही आपण तरंगू याची खात्री नव्हती.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावात मॉरीन बूथ हिने मला विकत घेतलं. तिचा नवरा लेनर्ड जन्मभर बस चालवून नुकताच निवृत्त झाला होता. चालवायला बस उरली नव्हती, म्हणून तो मॉरीनचं स्वयंपाकघर चालवू पाहत होता.

"हे घे," माझं खोकं त्याच्यापुढे आपटत ती म्हणाली, "आणि माझ्या बटाट्यांचा पिच्छा सोड."

लेनर्डने मला टेबलावर ठेवलं, चारही बाजूंनी न्याहाळलं आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. मी अजून पाणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"अरे, नवीकोरी आहे ती," मॉरीन म्हणाली. "काय बिघडलंय तिचं?"

"बिघडलं काही नाही. पण सुधारता येईल."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की आता ते नुसतं कानावर पडलं तरी माझ्या बुडाखालचा पंखा आखडतो. पण खरं सांगते, लेनर्डचे हात मला पहिल्या दिवसापासून आवडले. मोठे आणि उबदार हात होते ते, आणि स्क्रू पिळताना तो श्वास रोखून धरायचा. अख्ख्या जगावर मी संशय घेतला, त्या हातांवर मात्र कधी घेतला नाही.

रविवारी सकाळी तो मला बागेतल्या तळ्यावर घेऊन गेला. तिथे मॉडेल बोटींचा क्लब जमत असे. जुन्या कोटातली म्हातारी माणसं, त्यांचे थर्मास आणि त्यांच्या बोटी. या लोकांनी एकेक फळी तासून, चिकटवून, कित्येक हिवाळे घालवून आपापल्या बोटी बांधल्या होत्या. माझ्याकडे पाहून सगळ्यांनी नाकं मुरडली. त्यांच्यात पुढे होता आर्नल्ड सटक्लिफ. तो सुतारकामातून निवृत्त झाला होता आणि त्याने बांधलेली, दोन्ही बाजूंना चाकं असलेली 'डचेस' नावाची आगबोट म्हणजे तळ्याची शान होती.

"खोक्यातली ना?" त्याने विचारलं.

"हो," लेनर्ड म्हणाला.

"वाटलंच."

त्या दिवशी वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी एका कुशीवर कलले. आर्नल्ड खो खो हसला. पण पुढच्या रविवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिशाचे तुकडे घेऊन आला. एका जुन्या चर्चच्या छपराच्या दुरुस्तीतून ते उरले होते. "हिचं पोट हलकं आहे. हे घाल तळाशी," तो म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी तो ग्रीसची नळी घेऊन आला आणि माझ्या पंख्याच्या दांडीवाटे पाणी आत शिरू नये म्हणून तिथे ग्रीस कसं भरायचं, ते त्याने लेनर्डला दाखवलं. नावं ठेवणारा माणूस दर रविवारी भेटी का आणतो? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मनाशी म्हटलं.

आता त्या तळ्यावरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. त्या काळी प्रत्येक रिमोटची एक ठरलेली रेडिओ लहर असे आणि प्रत्येक लहरीला एक रंग. एकाच रंगाचे दोन रिमोट एकदम चालू झाले तर बोटीला दोन मालक एकाच वेळी हुकूम देऊ लागतात आणि ती वेडीपिशी होते. म्हणून तळ्याकाठी एक फळी टांगलेली असे आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे. प्रत्येक रंगाचा एकच. तो चिमटा ज्याच्या रिमोटच्या एरियलला लावलेला, त्यानेच बटण दाबायचं. क्लबच्या चिटणीस ब्रेंडा ग्रिमशॉ त्या फळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत.

माझा रंग निघाला पिवळा. आणि डचेसचाही पिवळाच.

त्यामुळे लेनर्ड आणि आर्नल्ड यांना आळीपाळीने खेळावं लागे. एकजण बोट चालवी, दुसरा बाकावर बसून चहा ओती. थोड्या वेळाने पहिला आपली बोट काठाला लावी, चिमटा काढून दुसऱ्याच्या हातात देई आणि म्हणे, "घे, तुझी पाळी." मॉरीनने दिलेली चीज-कांद्याची सँडविचेस दोघं मिळून संपवत. पाहता पाहता त्यांची अशी गट्टी जमली की एकाला सर्दी झाली तर दुसरा तळ्यावर फिरकत नसे.

लेनर्ड मला सुधारत राहिला. माझ्या डोक्यावर खरा पेटणारा दिवा आला, कडेला दोराचे गुंडाळे आले. कारखान्याने चिकटवलेलं माझं नाव खरवडून त्याने तिथे सुबक अक्षरांत 'मॉरीन' असं रंगवलं. मग तळ्यावर "मॉरीन शेवाळात अडकली" आणि "मॉरीनच्या बुडाशी गळतंय" अशा आरोळ्या उठू लागल्या.

"पुढची बोट घेशील तिला तुझ्या आईचं नाव दे," मॉरीन त्याला म्हणाली.

शेवटी राहिली ती माझ्या सुकाणूची जोडणी. ती प्लास्टिकची होती. क्लबच्या वार्षिक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लेनर्डने ती काढून टाकली आणि तिच्या जागी पितळेची दांडी आणि पितळेची कडी बसवली. घासून घासून त्याने ती सोन्यासारखी चमकवली. उद्या आर्नल्डला दाखवू, असं तो स्वतःशीच म्हणाला. मॉरीनने प्लास्टिकचा तुकडा उचलून बटणांच्या डब्यात टाकला. त्या घरातून काहीही फेकलं जात नसे.

स्पर्धेत तरंगत्या चेंडूंच्या जोड्यांमधून चेंडूला न शिवता बोट न्यायची असते. आजवर चषक दर वर्षी आर्नल्डच नेत आला होता. त्या दिवशी डचेस एका चेंडूला घासली. मग पिवळा चिमटा लेनर्डकडे आला आणि मी एकामागून एक जोड्या अलगद पार केल्या. काठावरची कुजबुज थांबली. शेवटची जोडी तेवढी राहिली होती.

आणि अचानक माझ्या अंगात काहीतरी संचारलं. सुकाणू डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. लेनर्ड एक सांगत होता आणि कानात काहीतरी भलतंच खरखरत होतं. मी वळले आणि भरवेगाने दगडी काठावर आदळले. माझं नाक फुटलं.

लेनर्डने मान वर केली. समोर बाकावर आर्नल्ड बसला होता आणि त्याच्या मांडीवर त्याचा रिमोट होता.

"तू बटण चालू केलंस," लेनर्ड म्हणाला.

"काय?"

"पिवळ्यावर आपण दोघंच आहोत आर्नल्ड. तिसरा कुणी नाही."

"माझ्या एका हातात कप आहे आणि दुसऱ्यात तुझ्या बायकोचं सँडविच," आर्नल्ड म्हणाला. "बटण काय नाकाने दाबलं?"

कुणीतरी हसलं. लेनर्ड हसला नाही. "खोक्यातल्या बोटीने चषक नेला असता तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती," तो म्हणाला.

आर्नल्डने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं आणि लेनर्डच्या पिशवीवर ठेवलं. डचेस काखोटीला मारून तो बाहेर पडला. ब्रेंडाबाईंनी हाक मारली तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, पाहा, शिसं आणि ग्रीस कशासाठी होतं ते आज कळलं.

आर्नल्ड रविवारी यायचा बंद झाला. लेनर्डने माझं नाक सांधलं आणि मला पुन्हा पाण्यात सोडलं. पण माझे झटके गेले नाहीत. आता तळ्यावर दुसरा पिवळा रिमोट नव्हता, तरी मधूनच मी वेड्यासारखी वळत असे. लेनर्डच्या संशयाला तर ऊतच आला. झुडपामागे कोट हलला की त्याला तो आर्नल्ड वाटे. बागेच्या कुंपणापलीकडे आर्नल्डचं घर होतं, त्याच्या पडद्याकडे पाहता पाहता लेनर्ड मलाच विसरे आणि मी बदकांमध्ये घुसे. शेवटी त्याने मॉरीनला आर्नल्डच्या खिडकीवरून एक चक्कर मारून यायला पाठवलं.

"वाटाणे सोलतोय," ती परत येऊन म्हणाली.

"नक्की? आत्ताच झटका बसला हिला."

"वाटाणेच. हिरवे."

"मग रिमोट दुसऱ्या कुणाला देऊन ठेवला असेल."

"कुणाला? राणीला?" मॉरीन म्हणाली. "लेन, तो माणूस एकटा बसून एकट्यापुरते वाटाणे सोलत होता. मला बघवलं नाही. आणि तू इथे त्याच्या पडद्यावर पहारा करतोयस."

लेनर्डचं मन काही बदललं नाही. माझंही नाही.

मग एका पावसाळी दुपारी लेनर्डने मला स्वयंपाकघरात टेबलावर घेतलं. मोटार सुरू करून तो माझं सुकाणू वळवून पाहत होता. मॉरीन इस्त्री करता करता रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या ऐकत होती. समुद्र तिथून बराच लांब, पण तिला ते ऐकायला आवडे.

"तू ते वळवलंस की माझा रेडिओ खाकरतो," ती म्हणाली.

लेनर्ड ताडकन उठला आणि खिडकीतून बाहेर पाहू लागला. "म्हणजे आता आपल्या रेडिओवरही..."

"लेन. खाली बस. परत वळव."

त्याने वळवलं. रेडिओ खरखरला. त्याने हात काढला. रेडिओवरची बाई शांतपणे वारा आणि लाटा सांगू लागली. त्याने पुन्हा वळवलं. खरखर. पितळेची दांडी पितळेच्या कडीत सैल बसली होती आणि मोटार चालू असताना धातूवर धातू घासला की तिथून खरखर उठत होती. तीच माझ्या कानात शिरत होती आणि तिलाच मी हुकूम समजत होते.

मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. सगळ्या जगाकडे मी तिरक्या नजरेने पाहिलं आणि घात केला तो मला सगळ्यात आवडणाऱ्या हातांनी, तोही लाडाने. लेनर्डने ती चमकणारी दांडी काढून टेबलावर ठेवली. मॉरीनने बटणांचा डबा त्याच्यासमोर उपडा केला.

प्लास्टिकचा तुकडा पुन्हा बसला आणि माझे झटके थांबले. दुसऱ्या दिवशी लेनर्ड मला काखेत घेऊन आर्नल्डच्या दारात उभा राहिला.

"तू बटण दाबलं नव्हतंस," तो म्हणाला. "माझ्या पितळेने केलं. मी चुकलो, आर्नल्ड."

आर्नल्डने माझं झाकण उघडून आत पाहिलं. "म्हणजे खोक्यातलंच बरं होतं तर," तो म्हणाला. हे म्हणताना तो जरासा हसला, पण लगेच त्याने झाकण लावलं. "झालं गेलं सोड. येईन मी रविवारी. पण मी लहर बदलून घेतलीय. आता माझा रंग हिरवा. परत कुणाला माझ्यावर शंका घ्यायला नको."

रविवारी तो आला आणि त्याने फळीवरून हिरवा चिमटा घेतला. आता आळीपाळीची गरज नव्हती. दोघांच्या बोटी एकदम पाण्यात राहू शकत होत्या. लेनर्डचा हात पिवळ्या चिमट्यापाशी गेला आणि तसाच मागे आला. त्याने मला गवतावर ठेवलं, बाकावर बसला आणि दोन कपांत चहा ओतला. आर्नल्डने डचेस खेळवली आणि तो निघून गेला. दुसरा कप तसाच गार झाला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ब्रेंडाबाई म्हणाल्या, "लेन, तुझा पिवळा मोकळा आहे की." लेनर्ड म्हणाला, "माझी पाळी यायचीय अजून." मी गवतात पडून मुंग्या मोजत होते आणि हा माणूस वेडा झालाय का, अशी शंका घेत होते.

मग एका सकाळी आर्नल्डने डचेस अर्ध्यातच काठाला आणली. तो फळीपाशी गेला आणि पिवळा चिमटा काढून बाकाजवळ आला. त्याने तो लेनर्डच्या एरियलला स्वतः लावला.

"घे, तुझी पाळी," तो म्हणाला आणि सँडविचसाठी हात पुढे केला.

आता मी खूप जुनी झाले आहे. रंग उडालाय, पण पोटात शिसं आहे आणि सुकाणूला प्लास्टिक. मित्रांनो, माझं एवढं ऐका. बोट पाण्यातून काढली की तिला पुसून कोरडी करा, वेळच्या वेळी ग्रीस भरा. आणि ती वेडीवाकडी वळली तर समोरच्या बाकाकडे बोट दाखवायच्या आधी झाकण उघडून आपण काय बसवलंय ते पाहा. माझा स्वभाव काही गेलेला नाही. आर्नल्ड कोटाच्या खिशात हात घालून माझ्याकडे येताना दिसला की याने आता काय आणलंय, अशी शंका अजूनही येतेच. दर वेळी खिशातून ग्रीसची नळीच निघते.