काचेचं छप्पर आणि चार दिवसांची पाहुणी

युसुफभाई मुकादमांचं कामच मुळी थंडाव्याचं. जासईच्या कंटेनर यार्डात ते बावीस वर्षं रीफर सांभाळत होते. रीफर म्हणजे फ्रिजसारखा आतून गार राहणारा कंटेनर. कुठे कोळंबी उणे अठरावर, कुठे द्राक्षं शून्यावर. बाहेर डांबर वितळू दे, आतला आकडा हलला नाही पाहिजे, यात त्यांची शान होती. आणि नेमकी याच माणसाच्या उरणच्या घरासमोर डिसेंबरात काचेच्या छपराची गाडी येऊन उभी राहिली.

हौस त्यांच्या बायकोची, खदीजाची. शोरूममध्ये तिने मागच्या सीटवर बसून मान वर केली, आभाळ बघितलं, आणि विषय तिथेच संपला. थंडीचे दोन महिने मजेत गेले. मार्च लागला आणि गाडीची भट्टी झाली. सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देई, स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून धरावं लागे. छपराखाली सरकणारा जाळीचा पडदा होता, पण त्याने उजेड कमी होई, उष्णता नाही. खदीजाने आतून चंदेरी कागद लावून बघितला, तरी तेच.

"ऊन काचेतून आत आलं की आलंच गं," युसुफभाई म्हणाले. "त्याला बाहेरच अडवायला पाहिजे."

त्यांनी यार्डातून इन्सुलेशनचं उरलेलं पांढरं, जाड कापड मागून आणलं आणि स्वतः शिवून छपराला बाहेरून टोपी केली. टोपीचे पट्टे दारांत अडकवायचे. भर दुपारी मोजलं तर आत बारा अंशांचा फरक. त्यांनी ही बातमी अख्ख्या मोहल्ल्याला सांगितली.

खदीजाला मात्र ती टोपी बघवत नव्हती. "अहो, गाडी कसली, कुल्फीवाल्याचा डबा दिसतो! परवा बाजारात एकाने मला मलईचा भाव विचारला."

मे महिन्यात त्यांची लेक समरा वाशीच्या हॉस्पिटलात बाळंत झाली. सिझर झालं, मुलगी झाली. जावई रायान जहाजावर होता, त्याला उतरायला अजून आठवडा होता. चौथ्या दिवशी सकाळी दहाला घरी सोडणार असं ठरलं. निघताना खदीजा म्हणाली, "आज नात घरी येतेय. आज तरी ते कुल्फीचं काढून ठेवा. दहाला तर तिथून निघायचंय."

युसुफभाईंनी पहाटे गाडी धुतली होती, काचेचं छप्पर आरशासारखं चमकत होतं. त्यांनी टोपी काढली आणि घरात ठेवून दिली.

पण हॉस्पिटलातून सुटणं म्हणजे काही सोपं काम नाही. आधी बाळाचे डॉक्टर यायचे होते, मग समराचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले, मग एका कागदावर सही राहिली. खालचं पार्किंग भरलेलं म्हणून गाडी सकाळपासून उघड्यावर उभी. सगळं उरकलं तेव्हा दीड वाजला होता.

युसुफभाई पुढे जाऊन दार उघडतात तर आतून धगच बाहेर आली. खिशातली तापमान मोजायची बंदूक त्यांनी मागच्या सीटवर धरली. एकसष्ट. छपराच्या काचेवर धरली. सदुसष्ट. पाठोपाठ आलेल्या खदीजाने सीटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तिचा चेहरा पडला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "नको तिथे नखरा केला."

"मी कुठे नाही म्हटलं? मलाही मिरवायचं होतं," युसुफभाई म्हणाले. "हे बघ, त्या बाजूच्या काचा खाली घे. आता हे दार धर आणि पंख्यासारखं हलव."

भर उन्हात खदीजा, जरीच्या ओढणीत, दार उघडझाप करत राहिली. कोंडलेली गरम हवा समोरच्या खिडक्यांतून बाहेर पडली. मग युसुफभाईंनी एसी लावला. हवा बरीच निवली, पण डोक्यावरची काच तव्यासारखी तापलेलीच. खालून कितीही वारा घाला, वरून धग उतरतच होती. त्यात चार दिवसांचं बाळ न्यायचं, आणि उरण तासाभरावर.

तेवढ्यात समराची व्हीलचेअर लॉबीत थांबवून राहीबाई बाहेर आल्या. साताऱ्याकडच्या, त्या मजल्यावरच्या आया. चार दिवस समराची वेणीफणी त्यांनीच केली होती.

"आवं भाऊ, पोरगी कवाची वाट बगतीया. काय झालं?"

युसुफभाईंनी छपराकडे बोट दाखवलं. "यावर पांढरं काहीतरी टाकायला पाहिजे. बाहेरून."

"येवडंच व्हय?" राहीबाई वळल्या आणि पाच मिनिटांत दोन जुन्या पांढऱ्या चादरी घेऊन आल्या. "टाकाऊ हायत, फरशी पुसायला काडलेल्या. भिजवू का?"

"भिजवा, पण पाणी गार नको हां. तापलेली काच तडकायची."

"गार पानी कुटलं आनू? नळाला बी उकळतंय!"

तिघांनी मिळून ओल्या चादरी छपरावर ताणल्या, कडा दारांतून आत ओढल्या आणि दारं लावली. चादरीतून वाफ निघाली. दहा मिनिटांनी युसुफभाईंनी पुन्हा मोजलं. काच चाळीस, आतली हवा सत्तावीस. मगच त्यांनी समराला आणायला सांगितलं.

व्हीलचेअर गाडीजवळ आली आणि समराने ते ध्यान बघितलं. "अब्बू, हे काय! अहो, हसवू नका, टाके दुखतात माझे!" असं म्हणत ती पोट धरून हसतच सुटली. राहीबाईंनी तिच्या मांडीवरच्या बाळाच्या कपाळावरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली.

वाटेत युसुफभाईंनी वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. मागून हॉर्न वाजत होते, पुढे जाणारे वळून बघत होते. खदीजा ओढणी सावरून ताठ बसली होती. उलवे मागे पडलं तोवर चादरी खडखडीत वाळल्या. म्हणून जासईला त्यांनी गाडी सरळ यार्डाच्या फाटकाशी नेली. तिथला ज्योतिबा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला मेकॅनिक, पाण्याचा पाइप घेऊन आला. चादरी भिजवता भिजवता त्याने खिडकीतून आत डोकावलं.

"साहेब, हा माल किती डिग्रीवर?"

"सव्वीसवर. आणि आवाज करू नकोस."

ज्योतिबाने पाइप खांद्यावर टाकून सलाम ठोकला.

माल मात्र झोपला होता तो उरणपर्यंत झोपलाच. घरी पोहोचल्यावर शेजारणी जमल्या, कुणी नजर उतरवली, कुणी समराला हाताला धरून आत नेलं. गाडीवरच्या चादरींवरून बराच हशा पिकला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज खदीजाचा होता, आणि प्रत्येकीला ती सदुसष्टचे चाळीस कसे झाले ते हातवारे करून सांगत होती.

चार वाजता कुणाला तरी आठवलं की सकाळपासून युसुफभाई उपाशी आहेत. समराने ताट वाढायला सांगितलं. पण त्याआधी खदीजा दुपट्यातलं गाठोडं घेऊन त्यांच्यापाशी आली.

"घ्या. चार दिवस नुसते लांबून बघताय."

युसुफभाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि नातीला घेतलं. तिने डोळे किलकिले केले, मोठी जांभई दिली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं. जेवण निवून गेलं, तरी ते बटण त्यांनी सोडवून घेतलं नाही.